टाकी, टाकं आणि देखभालीचा खर्च

मेसचं बिल लागलं की प्रत्येक हॉस्टेलमध्ये एकच चर्चा सुरू होते. "त्यांच्याकडे ३२०० आणि आपल्याकडे ३६०० कसे काय?" मग कोणीतरी शोध लावतो की त्यांच्या मेसमध्ये रविवारी फीस्ट नसते. दुसरा सांगतो की तिथली निम्मी मुलं शनिवार-रविवार घरी जातात. तिसऱ्याला माहीत असतं की त्यांच्या गॅसचं बिल परस्पर कॉलेज भरतं. शेवटी ४०० रुपयांचा फरक राहतो की उलटा होतो, हे कोणालाच सांगता येत नाही.

मित्रहो, या चर्चेत आपण नकळत बेंचमार्किंगच करत असतो. फक्त ते अर्धवट असतं. हीच गोष्ट पेट्रोल-डिझेलच्या हजारो किलोलिटरच्या टाक्यांबाबत मोठमोठ्या कंपन्या करतात. तिथे अर्धवट तुलना झाली तर त्याची किंमत ४०० रुपयांत मोजता येत नाही. म्हणून या लेखात आपण बघू की तेलाच्या टाक्यांच्या देखभालीचा खर्च एकमेकांशी ताडून कसा बघतात, आणि त्यात माणूस कुठे कुठे फसतो.

बेंचमार्क म्हणजे काय?

सिव्हिलच्या मंडळींना हा शब्द सर्व्हेइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला भेटतो. दगडावर कोरलेली खूण, जिची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की माहीत आहे, ती बेंचमार्क. बाकी सगळ्या उंच्या तिच्यावरून काढायच्या. उद्योगधंद्यात हा शब्द गाजला तो झेरॉक्स कंपनीमुळे. जपानी कंपन्या कॉपिअर मशीन इतकी स्वस्त कशी विकतात हे समजून घेण्यासाठी झेरॉक्सने १९७९ च्या सुमारास आपल्या खर्चाची त्यांच्या खर्चाशी कलमवार तुलना सुरू केली. पुढे त्याच कंपनीतल्या रॉबर्ट कॅम्प यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं.

तेल उद्योगात हे काम बहुधा तटस्थ संस्थेमार्फत होतं. उदा. अमेरिकेतली सॉलोमन असोसिएट्स ही संस्था जगभरच्या रिफायनऱ्यांकडून खर्चाचे आकडे गोपनीय रीतीने गोळा करते, ते एका मापावर आणते आणि सगळ्यांना क्रमाने चार गटांत बसवते. या गटांना क्वार्टाइल म्हणतात. प्रत्येक कंपनीला आपण कोणत्या गटात आहोत एवढं कळतं, शेजाऱ्याचा आकडा नावानिशी कळत नाही. पहिल्या क्वार्टाइलमध्ये असणं हा मानाचा विषय असतो. आणि मुद्दा इथेच सुरू होतो. देखभालीच्या खर्चात पहिला नंबर येणं ही नेहमीच आनंदाची बातमी असते का?

आधी तिकोण्याचं टाकं

आपल्या भागातल्या ट्रेकची एक हमखास जागा म्हणजे तिकोणा. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोणा पेठेत उतरायचं आणि तास-दीड तासात वर. समोर तुंग, खाली पवना धरणाचं पाणी. बालेकिल्ल्याकडे जाताना तळजाईच्या लेण्यासमोर पाण्याचं टाकं लागतं, वरही कातळात कोरलेली टाकी आहेत. या टाक्यांना गंज लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, वेल्डिंग उसवत नाही. मग देखभालीचा खर्च शून्य म्हणायचा का? नाही. दर पावसाळ्यात माती-पाचोळा वाहून येतो, तळाला गाळ साठतो आणि पाणी कमी मावतं. गाळ काढलाच नाही तर टाकं हळूहळू बुजून जातं. मावळातल्या गडांवर हे काम आज बरेचदा गडप्रेमी मंडळी सुट्टीच्या दिवशी श्रमदानातून करतात. हिशेबाच्या वहीत त्याचे रुपये शून्य, पण घाम शून्य नसतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साठवण म्हटली की तळाला काहीतरी साचणारच, आणि ते काढायला कधीतरी टाकी रिकामी करावी लागणारच. दोन, वहीत खर्च दिसला नाही याचा अर्थ तो झालाच नाही असा होत नाही. तेलाच्या टाकीलाही हेच दोन नियम लागू आहेत.

तेलाच्या टाकीवर खर्च कुठे होतो?

पुणेकरांच्या जवळचं उदाहरण म्हणजे लोणी काळभोरचे तेल कंपन्यांचे डेपो. मुंबईच्या रिफायनरीतून तिथपर्यंत पेट्रोल-डिझेल पाइपलाइननेही येतं, टाक्यांत साठतं आणि टँकरमधून पंपांवर जातं. रस्त्यावरून दिसतात त्या उभ्या, गोल, पांढऱ्या टाक्या. डिझेलसारख्या तुलनेने कमी उडणाऱ्या तेलाला वर पक्कं शंकूसारखं छप्पर चालतं. पेट्रोल आणि क्रूड यांची वाफ पटकन होते, म्हणून त्यांच्या टाकीत छप्पर तेलावर तरंगतं. त्याला फ्लोटिंग रूफ म्हणतात. तेल वर आलं की छप्पर वर, तेल उतरलं की छप्पर खाली. मध्ये वाफ साठायला जागाच राहत नाही.

आता खर्चाची यादी बघू :

१. बाहेरून रंग, जिना, कठडे, अर्थिंग यांची देखभाल.
२. व्हॉल्व्ह, पातळी मोजणारी यंत्रणा, फ्लोटिंग रूफचं सील आणि पाणी काढायचा ड्रेन.
३. टाकी रिकामी करणं, आतला वायू बाहेर काढणं, तळाचा गाळ काढणं. हा गाळ घातक कचरा म्हणून धरला जातो, त्यामुळे त्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावावी लागते आणि त्यालाही पैसे पडतात.
४. आतली तपासणी : पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिकने मोजणं, तळ चुंबकीय पद्धतीने स्कॅन करणं, वेल्डिंगचे सांधे व्हॅक्यूम बॉक्सने तपासणं.
५. दुरुस्ती : तळाला ठिगळ लावणं, कधी तळच बदलणं, आतून लायनिंग करणं.
६. टाकीच्या मापाचं कॅलिब्रेशन, फोमची आग-यंत्रणा, आणि टाकीभोवतीची बांध-भिंत, म्हणजे डाइक. आतली सर्वात मोठी टाकी फुटली तरी तेल मावेल इतकी तिची क्षमता ठेवावी लागते.

पहिली दोन कलमं दर वर्षाची आहेत. तिसरं, चौथं आणि पाचवं मात्र अनेक वर्षांतून एकदा येतं, पण येतं तेव्हा सगळा खिसा रिकामा करून जातं. बेंचमार्किंगची सगळी गंमत आणि सगळा धोका या फरकात आहे.

पहिला घोळ : भागायचं कशाने?

सगळ्यात सोपं माप म्हणजे दर किलोलिटर क्षमतेमागे किती रुपये. दिसायला चोख. पण थोडं गणित करून बघा.

मोठी टाकी घ्या : व्यास ४० मीटर, उंची १५ मीटर. तिच्यात सुमारे १८,८५० किलोलिटर तेल मावतं. तळ १,२५७ चौरस मीटर, छप्पर (उतार सोडून) तेवढंच, भिंत १,८८५. एकूण पत्रा साधारण ४,४०० चौरस मीटर.

आता लहान टाकी : व्यास २० मीटर, उंची तीच. तिच्यात मावतं ४,७१२ किलोलिटर, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. पण पत्रा लागतो सुमारे १,५७१ चौरस मीटर. अशा चार टाक्या मिळून तेल एका मोठ्या टाकीइतकंच, पण पत्रा जवळजवळ ६,२८० चौरस मीटर. म्हणजे ४३ टक्के जास्त! शिवाय जिने चार, मॅनहोल चौपट, व्हॉल्व्ह चौपट.

म्हणजे ज्या डेपोत लहान लहान टाक्या आहेत, तो डेपो प्रति किलोलिटर महागच दिसणार. त्यात तिथल्या मेंटेनन्स इंजिनिअरचा काही दोष नाही. म्हणून रंगाचा खर्च चौरस मीटरवर, व्हॉल्व्हचा खर्च नगावर आणि तळाचा खर्च तळाच्या क्षेत्रफळावर भागावा. सगळ्या खर्चाला एकच भाजक लावला की उत्तर सुटसुटीत येतं, पण खरं येत नाही.

दुसरा घोळ : वर्ष कोणतं?

समजा दोन डेपो आहेत, अ आणि ब. दोघांकडे एकसारखी एकेक टाकी. (आकडे समजण्यासाठी कल्पित धरले आहेत.) अ दर वर्षी नेहमीच्या देखभालीवर ४ लाख खर्च करतो आणि दर दहा वर्षांनी टाकी उघडून साफसफाई-तपासणी-दुरुस्तीवर ६० लाख घालतो. ब दर वर्षी ६ लाख खर्च करतो आणि त्याने टाकी गेल्या चौदा वर्षांत उघडलेलीच नाही.

ज्या वर्षी अ ने टाकी उघडली त्या वर्षी तुलना केली तर अ चा खर्च ६४ लाख, ब चा ६ लाख. अ ची पार शोभा! कोणी म्हणेल, एका वर्षाचं काय घेऊन बसलात, दहा वर्षांची सरासरी काढा. काढली. अ ची सरासरी १० लाख, ब ची ६ लाख. तरीही ब च स्वस्त!

आता तिसरी पायरी. ब ने उघडायची राहिलेली टाकी हे त्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे. ते ६० लाख दहा वर्षांवर वाटले तर वर्षाला ६ लाख त्याच्या नावावर चढतात. मग ब चा खरा खर्च होतो १२ लाख आणि अ चा १०. म्हणजे खरा काटकसरी अ आहे. ब ने फक्त बिल पुढे ढकललं आहे, आणि पुढे ढकललेल्या बिलावर गंज व्याज लावत असतो.

हे टाळायला तपासणीचे नियम आहेत. २ जानेवारी १९८८ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे अॅशलँड कंपनीची डिझेलची टाकी भरत असताना अचानक फाटली आणि लाखो गॅलन तेल मोनोंगाहेला नदीत गेलं. ती टाकी जुन्या पत्र्याची होती, दुसरीकडून सोडवून आणून पुन्हा उभारलेली. त्यानंतर १९९१ मध्ये वापरातल्या टाक्यांची तपासणी आणि दुरुस्ती यासाठी एपीआय ६५३ हे मानक आलं. बाहेरून तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी, आणि आतून तपासणी गंजाच्या वेगावरून ठरवलेल्या मुदतीत, असं त्याचं साधारण सूत्र आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं, म्हणजे ओआयएसडीचं, १२९ क्रमांकाचं मानक टाक्यांच्या तपासणीसाठी आहे. तेव्हा बेंचमार्किंगच्या तक्त्यात रुपयांच्या शेजारी एक रकाना हवाच : तपासणीची किती कामं मुदतीत झाली आणि किती थकली?

तिसरा घोळ : पाऊस आणि खारी हवा

लोणावळ्याला वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर पूर्वेला, लोणी काळभोरच्या बाजूला, तो पाचशे-सहाशेवर येतो. तिकोणा पेठ या उताराच्या वरच्या, ओल्या टोकाला आहे. पवन मावळात पावसाळ्याआधी घराचे पत्रे, खिळे, आडोसे नीट केले नाहीत तर काय होतं हे तिथल्या कोणालाही विचारा. तोच पत्रा लोणीला बरीच जास्त वर्षं टिकेल.

आता तिसरी जागा धरा, माहूल. मुंबईच्या रिफायनऱ्या तिथे खाडीच्या काठी आहेत. पाऊस भरपूर, हवा खारी, वर कारखान्यांचा धूर. हवेच्या या गंजवण्याच्या ताकदीचं वर्गीकरण आयएसओ ९२२३ या मानकात आहे. सी १ ते सी ५ आणि त्यावर सीएक्स, असे सहा वर्ग. समुद्राकाठची औद्योगिक हवा वरच्या वर्गांत जाते, घाटापलीकडची कोरडी हवा खालच्या. त्यामुळे माहूलची टाकी आणि लोणीची किंवा मनमाडजवळच्या पानेवाडीची टाकी यांचा रंगकामाचा खर्च सरळ ताडणं म्हणजे लोणावळ्याच्या आणि दौंडच्या माणसाचा छत्रीवरचा खर्च ताडण्यासारखं आहे. तुलना करायची तर आधी एकाच वर्गातल्या टाक्या एकत्र घ्याव्यात.

आणि काही टाक्यांची तर जातच वेगळी. आपल्या देशाचा क्रूड तेलाचा राखीव साठा विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथे जमिनीखाली खडकात खोदलेल्या प्रचंड दालनांत ठेवला जातो. तिन्ही मिळून क्षमता ५३.३ लाख टन. म्हणजे तिकोण्याच्या टाक्याचंच मोठं भावंडं! फरक एवढाच, की गडावरचा कातळ पाण्याला आत धरून ठेवतो आणि इथे खडकातल्या पाण्याचा दाब तेलाला आत धरून ठेवतो. तिथे रंग नाही, तळाचा पत्रा नाही, पण झिरपून येणारं पाणी कायम उपसावं लागतं. अशा साठवणीला पोलादी टाकीच्या रांगेत उभं करून 'बघा किती स्वस्त' म्हणणं बरोबर नाही.

चौथा घोळ : वही कोणी लिहिली?

एका कंपनीत तळ बदलण्याचा खर्च देखभालीत धरतात, दुसरीत तो भांडवली खर्च म्हणून वेगळ्या खात्यात जातो. एकीकडे वेल्डर कंपनीच्या पगारावर आहे, दुसरीकडे कंत्राटात. एकीकडे आग-यंत्रणेचा खर्च टाक्यांवर वाटतात, दुसरीकडे तो सेफ्टी खात्यावर राहतो. काम तेच, रुपये तेच, पण तक्त्यात एक महाग आणि एक स्वस्त. तिकोण्यावरच्या श्रमदानाची इथे आठवण ठेवा.

आणखी एक खर्च वहीत सहसा दिसत नाही. टाकी उघडली की ती काही आठवडे बंद राहते. त्या काळात तेल ठेवायचं कुठे? ज्यांच्याकडे जादा टाकी आहे ते निवांत काम करतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यावर घाईचं दडपण येतं आणि मग 'या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू' सुरू होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल लिहिताना एकाच झऱ्यावर भिस्त न ठेवता राखीव टाकी बांधावीत असा सल्ला आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या डेपोलाही लागू पडतो. जादा टाकी ही उधळपट्टी वाटते, पण दुसऱ्या टाकीची वेळेवर देखभाल तिच्यामुळेच शक्य होते.

रुपयांनी काय विकत घेतलं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. खर्च हा आकडा नुसता कळून उपयोग नाही, त्यातून टाकीची तब्येत किती सुधारली ते कळायला हवं. तळाच्या पत्र्याचं उदाहरण घेऊ.

दोन टाक्या, प आणि फ. दोन्हींचा तळ नवा असताना ६ मिलिमीटर जाड. दहा वर्षांनी उघडल्यावर प चा सगळ्यात पातळ भाग ४.८ मि.मी. भरला, फ चा ३.६ मि.मी. म्हणजे गंजाचा वेग प मध्ये वर्षाला ०.१२ मि.मी. आणि फ मध्ये ०.२४ मि.मी. एपीआय ६५३ प्रमाणे, तळाखाली गळती अडवणारी वेगळी सोय नसेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी निदान २.५ मि.मी. जाडी शिल्लक राहिली पाहिजे. मग प साठी (४.८ − २.५) ÷ ०.१२ म्हणजे १९ वर्षं मिळतात. फ साठी (३.६ − २.५) ÷ ०.२४ म्हणजे जेमतेम साडेचार वर्षं.

दोन्हींवर आजवर सारखाच खर्च झाला असेल तर रुपयांच्या तक्त्यात प आणि फ जुळ्या बहिणी. पण एक ठणठणीत आहे आणि दुसरी आजारी. तळाशी साचणारं पाणी नियमित काढलं होतं का, कॅथोडिक प्रोटेक्शन चालू होतं का, टाकीखालच्या भरावात पावसाचं पाणी शिरत होतं का, यावर हा फरक ठरतो. ही सगळी स्वस्तातली कामं आहेत, आणि स्वस्तातली म्हणूनच ती विसरली जातात.

किरकोळ वाटणारं कलम किती महाग पडतं याचे दाखले आहेत. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या डेपोत पेट्रोलची टाकी भरून वाहू लागली, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. पातळी दाखवणारा गेज अडकला होता. तो त्याआधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. त्याच्यावरचा धोक्याचा स्विचही चालला नाही. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या टर्मिनलमध्ये व्हॉल्व्ह जोडणीच्या वेळी पेट्रोल गळायला लागलं. कंट्रोल रूममधून टाकीचा व्हॉल्व्ह लांबून बंद करायची सोय तेव्हा चालू स्थितीत नव्हती. दहाहून जास्त माणसं गेली आणि आग अकरा दिवस धुमसत राहिली. एक गेज, एक स्विच, एक लांबून चालणारा व्हॉल्व्ह. देखभालीच्या बजेटमध्ये ही कलमं शोधावी लागतील इतकी लहान असतात.

आणि एक कलम माणसांचं. टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, बहुधा कंत्राटी कामगार. त्याआधी वारा खेळवून आतला वायू काढावा लागतो, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नाही ना ते बघावं लागतं, पेट घेणारी वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड मोजावा लागतो, आणि बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस पूर्णवेळ उभा ठेवावा लागतो. बेंचमार्कच्या दडपणाने खर्च कापायची वेळ आली की कागदावर सगळ्यात 'रिकामा' दिसतो तो हा बाहेर उभा असलेला माणूस, आणि सगळ्यात 'वाया' दिसतो तो वारा खेळवण्याचा जादा दिवस. त्यांना कापलं तर दर किलोलिटरचा आकडा सुधारतो. आत उतरलेल्याचं काय होईल ते त्या आकड्यात दिसत नाही.

मग तक्ता कसा करावा?

बेंचमार्किंग टाकाऊ आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. दुसऱ्याकडे बघितल्याशिवाय आपण कुठे कमी आहोत हे कळत नाही. तेच काम दुसरा डेपो निम्म्या वेळात कसा करतो, गाळातून तेल परत कसं मिळवतो, रंग जास्त वर्षं कसा टिकवतो, हे शिकायला तुलना हवीच. फक्त तक्ता असा असावा :

१. एकसारख्या टाक्यांचे गट करा : छपराचा प्रकार, तेलाचा प्रकार, आकार, वय, हवेचा वर्ग.
२. प्रत्येक कलमाला त्याचा स्वतःचा भाजक लावा.
३. एका वर्षाचा नाही, तपासणीच्या पूर्ण फेऱ्याचा खर्च घ्या. थकलेली कामं कर्ज म्हणून मिळवा.
४. काय देखभाल आणि काय भांडवल, याची व्याख्या सगळ्यांनी आधी एकच ठरवा.
५. रुपयांच्या शेजारी तब्येतीचे रकाने ठेवा : गंजाचा वेग, उरलेलं आयुष्य, मुदतीत झालेल्या तपासण्या, गळती, बंद पडलेली उपकरणं.
६. सुरक्षेची कलमं वेगळी काढा. त्यांत सगळ्यात कमी खर्च करणाऱ्याला पहिला नंबर देऊ नका, त्याला आधी प्रश्न विचारा.

सहावा नियम अनेकांना विचित्र वाटेल. पण एखाद्या गटात सगळ्यांचा खर्च दहाच्या आसपास असताना एकाचाच चार आला, तर शक्यता दोनच. एकतर त्याला काहीतरी फार चांगली युक्ती सापडली आहे, किंवा तो काहीतरी करायचं टाळतो आहे. यातलं कोणतं, ते तक्ता सांगत नाही. ते बघायला हेल्मेट घालून टाकीपाशी जावं लागतं.

हे शिकायला रिफायनरीची वाट बघायची गरज नाही. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत. त्या शेवटच्या कधी धुतल्या याची तारीख टाकीवर रंगवलेली आहे का? झाकण बसतं का? ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का? या वर्षी साफसफाईवर खर्च शून्य झाला असेल तर ती काटकसर समजायची की थकबाकी? रेक्टर सर, मेस कमिटी आणि मेकॅनिकल-सिव्हिलचे दोन-चार विद्यार्थी मिळून सगळ्या हॉस्टेलांचा असा एक साधा तक्ता एका दुपारात करू शकतील : टाकीची क्षमता, वय, धुतल्याची तारीख, खर्च आणि अवस्था. पाच रकाने पुरे. पाणी आपणच पितो, तेव्हा अवस्थेचा रकाना कोणी रिकामा सोडणार नाही.

चार वर्षांनी आपल्यापैकी कोणी माहूलला असेल, कोणी लोणीला, कोणी आखातात. एखाद्या मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता येईल आणि सगळ्यात कमी खर्चाच्या डेपोसाठी टाळ्या वाजतील. त्या वेळी हात वर करून एवढंच विचारा : "सर, यांनी टाकी शेवटची कधी उघडली?"